सुई टोचल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या कधी सुरू कराव्यात?

खानापूरच्या दवाखान्यात रक्त घेताना सुई टोचली, तर गोळ्यांसाठी बेळगाव गाठेपर्यंत उशीर होईल का, असे आपण विचारले आहे. आधी जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात तर मुळीच घालू नये. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागते. म्हणून पहिली मात्रा तालुक्यातच मिळाल्यास उत्तम, आणि रुग्णाच्या रक्ततपासणीच्या अहवालासाठी ती अडवून ठेवू नये. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईतून संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्केच असते. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी अधिक, आणि नेमकी तीच लस अनेकांची राहून गेलेली असते.