बर्मिंगहॅममधली ईद: कोंढव्याहून निघणाऱ्या आपांना उत्तर

वालैकुम सलाम आपा. तुम्ही लिहिलंय की मुलांना घेऊन कोंढव्याहून बर्मिंगहॅमला येताय, आणि धास्ती एकच: तिथं ईद ईदसारखी होते का? होते, अगदी दणक्यात. २०२१ च्या जनगणनेत शहरातले जवळपास ३० टक्के लोक मुसलमान होते. फक्त ईद कोणत्या दिवशी, हे इथं ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

पुण्यात चाँदची खबर आली की कोंढव्यातल्या अख्ख्या कौसरबागेत एकदमच 'चाँद मुबारक' सुरू होतं. इथं आभाळ बहुतेक वेळा ढगाळ. काही मशिदी सौदीच्या घोषणेवर चालतात, काही मोरोक्कोसारख्या त्यातल्या त्यात जवळच्या देशातल्या चाँदवर. त्यामुळे एका घरी शिरखुर्मा आणि शेजारी रोजा, असंही होतं. म्हणून रमजानच्या आधीच एक मशीद धरा आणि ईदपर्यंत तिच्याच मागे राहा. घरातल्या घरात दोन ईदा झाल्या की मुलांचा फार हिरमोड होतो.

ईदला इथं सरकारी सुट्टी नाही. हक्काची रजा वर्षाला किमान २८ दिवस, तीही बँक हॉलिडे, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्ट्या, धरून, त्यातूनच काढायची. साहेबांना महिनाभर आधी सरळ सांगून ठेवा की या दोनांपैकी एक दिवस लागेल, नक्की कोणता ते आदल्या रात्री कळेल. शाळेला चिठ्ठी द्या, सणासाठीची गैरहजेरी मंजूर होते. मुसलमान मुलं जास्त असलेल्या काही शाळा तर बंदच असतात.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. पुण्यात मी ईदच्या नमाजला कधी गेले नव्हते. अब्बा आणि भाऊ गोळीबार मैदानावर जायचे, आम्ही घरी दूध आटवायचो. इथं स्मॉल हीथ पार्कमध्ये हजारोंची जमात, म्हणजे एकत्र नमाज, होते आणि बायकांच्या सफा, म्हणजे रांगा, वेगळ्या असतात. ओल्या गवतावर आधी प्लॅस्टिक, वर जानमाज, म्हणजे नमाजची चटई. एका बाजूला सोमाली बाई, पुढच्या सफेत नातवंडांना दटावणारी बांगलादेशी आजी. मुलींना जरूर न्या.

बकरीदला मात्र मन खट्टू होतं. कुर्बानी परवानाधारक कत्तलखान्यातच होते. खाटकाकडे आधी नाव आणि पैसे द्यायचे, गोश्त कधी त्याच संध्याकाळी मिळतं, कधी दुसऱ्या दिवशी. दारात बकरा नाही, मुलांनी त्याला पाला घालणं नाही. आम्ही एक हिस्सा पुण्यात करायला पैसे पाठवतो, म्हणजे तिथल्या गरजूंपर्यंत गोश्त पोचतं.

रोज्यांची फार काळजी नको. जूनमध्ये रोजा १८ तासांच्या वर जातो, पण रमजान आता हिवाळ्याकडे सरकतोय. २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होईल. डिसेंबरात इफ्तार चारच्या आसपास, म्हणजे ऐन शाळा सुटल्यावर. पर्समध्ये खजूर ठेवायची सवय लावा.

सामानात खवा, पेढे नकोत; भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेवया, खारीक इथं लेडीपूल रोडवर मिळतात. घर कुठल्या भागात बघताय ते कळवा, तिथल्या मशिदी कुठल्या चाँदवर चालतात ते विचारून सांगते.