.२१५ ची सरासरी असलेल्या शॉर्टस्टॉपला यांकीज एवढं महत्त्व का देतात?

तुम्ही लिहिलंय की २०२५ च्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन ब्रिजवॉटरच्या टीडी बँक बॉलपार्कला जात होता. तिथे सॉमरसेट पेट्रियट्सचा, म्हणजे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या हाताखालच्या संघाचा, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) जॉर्ज लोम्बार्ड ज्युनिअर पाहिलात. त्याची बॅट फारशी चालली नाही, सरासरी .२१५ च्या आसपास, म्हणजे हजारात साधारण २१५ हिट, एवढीच राहिली. तरीही यांकीजच्या होतकरू खेळाडूंच्या याद्यांत तो तेव्हा सगळ्यात वर होता. हे कसं काय, आणि स्टँडमध्ये बसून आपल्याला त्यातलं काही ओळखता येतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

येतं, नक्की येतं. पण आधी स्कोअरबोर्डवरचा आकडा बाजूला ठेवून त्याचं वय बघा. लोम्बार्डचा जन्म जून २००५ चा. यांकीजनी त्याला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याची फेरी) मायामीतल्या शाळेतून थेट उचललं, पहिल्याच फेरीत, २६व्या क्रमांकावर. २०२५ चा हंगाम त्याने हडसन व्हॅलीला, म्हणजे हाय-ए पातळीवर सुरू केला. मोठ्या लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात: हाय-ए, त्यावर डबल-ए, त्यावर ट्रिपल-ए. तिथे तो .३०० च्या बराच वर होता, म्हणून मे महिन्यातच त्याला डबल-एला, तुमच्या ब्रिजवॉटरला आणलं. तेव्हा त्याला विसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. समोरचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बहुतेक तेवीस-चोवीसचे, कॉलेजात दोन-तीन वर्षं घासून आलेले.

मायनर लीगमधली सगळ्यात अवघड पायरी हीच, असं या खेळातली बहुतेक माणसं मानतात आणि मलाही ते पटतं. खालच्या पातळीवर पिचरचे दोन बॉल झोनबाहेर (झोन म्हणजे प्लेटवरची, बॅटरने खेळायला हवी अशी चौकट) वाया गेले की तिसरा फास्टबॉलच येणार, हे बॅटरला ठाऊक असतं. डबल-एचा पिचर त्याच वेळी स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, टाकतो आणि तो झोनमध्ये पाडूनही दाखवतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला हे पहिल्यांदाच बघायला मिळतं. म्हणून .२१५ हा आकडा चांगला आहे असं मी म्हणणार नाही, पण तो कोणासमोर आणि कितव्या वर्षी निघाला याला फार किंमत आहे.

आता त्या आकड्याच्या आत बघू. लोम्बार्डने वॉक (चार चेंडू झोनबाहेर गेल्यावर फुकट मिळणारा फर्स्ट बेस) भरपूर घेतले. चेंडू झोनबाहेर जातोय हे ज्याला अर्ध्या सेकंदाच्याही आत कळतं, त्यालाच वॉक मिळतात, आणि ही नजर शिकवून फारशी येत नाही. दुसरीकडे त्याचे स्ट्राइकआउटही, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणंही, बरेच झाले. कुठल्या चेंडूवर चुकतो, एवढंच तुम्ही बघा. बाहेर जाणाऱ्या स्लायडरमागे बॅट धावत असेल तर काळजीचं आहे. झोनमधल्या चेंडूवर बॅट किंचित उशिरा येत असेल तर ते वयानुसार, ताकदीनुसार सुधारतं. प्रत्येक वेळी तो बॅटिंगला आला की दोन स्ट्राइक झाल्यानंतरचे चेंडू तेवढे नीट बघा. एका सामन्यात चार वेळा तो बॅटिंगला येतो, म्हणजे आठवड्याभरात बराच अंदाज येतो.

याच मैदानावर २०२२ मध्ये अँथनी व्होल्पे होता. तोही शॉर्टस्टॉप, आणि तो तर जवळच्याच वॉचंगमध्ये वाढलेला. पहिला महिना त्याची बॅट अगदीच थंड होती, आणि हा उगाच डोक्यावर घेतलेला पोरगा आहे अशी कुजबुज सुरू झाली होती. तो हंगाम त्याने डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून २१ होमरन आणि ५० चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले) अशा हिशोबावर संपवला. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात तो न्यूयॉर्कच्या संघात होता आणि त्या वर्षी त्याला सर्वोत्तम फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी त्याची बॅटिंग सरासरी मात्र .२०९ होती. म्हणजे डबल-एचा अडथळा पार केला की बॅटिंगचा प्रश्न कायमचा सुटतो असं नाही, आणि लोम्बार्डबद्दल बोलताना हे मी विसरत नाही.

बॅटपेक्षा मला खरं बोलायचंय ते फिल्डिंगबद्दल, कारण शॉर्टस्टॉपचं मोल तिथे ठरतं. चांगल्या शाळकरी खेळाडूंतले बहुतेक शॉर्टस्टॉपच असतात. वर जाता जाता कोणी सेकंडला, कोणी थर्डला, कोणी आउटफिल्डला सरकतो. मॅनी माचाडो २०१० च्या ड्राफ्टमध्ये शॉर्टस्टॉप म्हणून तिसरा निवडला गेला आणि दोन वर्षांत बॉल्टिमोरला आला तो थर्ड बेसवर. त्यामुळे 'हा इथे टिकेल का' हा स्काउटचा, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याचा, पहिला प्रश्न असतो. टिकला तर मध्यम बॅटिंगवरही त्याची संघातली जागा पक्की. सरकला तर तीच बॅटिंग अपुरी पडते.

पुढच्या वेळी चेंडूकडे बघूच नका. पिचर हात वर नेतो त्या क्षणापासून नजर शॉर्टस्टॉपच्या पायांवर ठेवा. चांगला शॉर्टस्टॉप चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरजवळ, पोहोचताना किंचित उडी घेतो, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात तेव्हाच बॅटचा आवाज होतो. त्यामुळे पहिलं पाऊल कुठल्याही बाजूला पडू शकतं. जोरात मारलेला ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) त्याच्यापर्यंत सव्वा-दीड सेकंदात येतो. तिथे पाऊणभर पाऊल जरी उशिरा पडलं तरी चेंडू डावीकडच्या मोकळ्या मैदानात गेलाच समजा.

दुसरं म्हणजे मोबाइलवरचं स्टॉपवॉच. बॅटचा आवाज झाला की सुरू करा, चेंडू फर्स्ट बेसमनच्या ग्लव्हमध्ये पडला की थांबवा. मोठ्या लीगमधला साधारण वेगाचा उजवा बॅटर प्लेटपासून फर्स्टपर्यंतचं ९० फुटांचं अंतर ४.३ सेकंदांच्या आसपास कापतो. म्हणजे शॉर्टस्टॉपचं सगळं काम, पुढे येणं, उचलणं, हातात घेणं आणि सव्वाशे-दीडशे फूट फेकणं, त्याच्या आत व्हायला हवं. थर्डच्या बाजूला खोल जाऊन, शरीर उलट्या दिशेला ओढलं जात असताना बॅकहँडने घेतलेला चेंडू कितीत पोहोचतो ते खास मोजा. हाताची खरी ताकद तिथे दिसते.

एरर, म्हणजे फिल्डरच्या नावावर लागणाऱ्या चुका, मोजण्यात मात्र फार वेळ घालवू नका. यांकीजचा पुढे गाजलेला शॉर्टस्टॉप डेरेक जीटर १९९३ मध्ये ग्रीन्सबरोला, खालच्या ए पातळीवर, खेळत होता. त्या एका हंगामात त्याने ५६ एरर केले. वय एकोणीस. त्याला दुसऱ्या जागी हलवा, असं म्हणणारे तेव्हा होते. यांकीजनी तसं केलं नाही. हंगाम संपल्यावर ब्रायन बटरफिल्ड या प्रशिक्षकाने त्याच्याकडून काही आठवडे केवळ फिल्डिंग घोटून घेतली. मनगटाच्या दुखापतीमुळे तेव्हा बॅट हातात घेताच येत नव्हती, ते एका अर्थी बरंच झालं. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कचा नेहमीचा शॉर्टस्टॉप झाला, आणि पुढे पाच गोल्ड ग्लव्ह आले. त्याचे बरेच एरर फेकण्यातले होते आणि ते पायांची ठेवण बदलून सुधारता आले. चेंडूपर्यंत जो पोहोचतच नाही, त्याच्या नावावर एररही लागत नाही. म्हणून चूक झाली की 'फेकण्यात झाली की पोहोचण्यात' एवढं मुलाला विचारत जा. तोही लवकरच तुमच्यापेक्षा चांगलं बघायला लागेल.

धावणं लोम्बार्डचं चांगलं आहे. ताकद अजून शरीरात भरायची आहे. तो उंच आहे, आणि अशा पोरांबद्दल 'अंगाने भरला की थर्डला जाईल' असं लोक सर्रास म्हणतात. कोरी सीगरबद्दल हेच म्हणत. तो सहा फूट चार इंच आहे आणि दोन वर्ल्ड सिरीजमध्ये (मोठ्या लीगची अंतिम मालिका) शॉर्टस्टॉप खेळत सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२० ला डॉजर्सकडून आणि २०२३ ला टेक्सासकडून. उंचीवरून निकाल लावू नये, पाय बघावेत.

स्काउट २० ते ८० या पट्टीवर गुण देतात, ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. त्या पट्टीवर लोम्बार्डच्या फिल्डिंगला मी पुढेमागे ५५ देईन आणि तो शॉर्टस्टॉपलाच राहील असं मला ठाम वाटतं. बॅटिंगला आज ४५ च्या वर जायला मी तयार नाही. माझं मत बदलेल ते एकाच गोष्टीने: ज्या पिचरांना तो एकदा भेटलाय, त्यांच्यासमोर दुसऱ्या फेरीत स्ट्राइकआउट कमी होतात का. पुढच्या हंगामात वॉक तेवढेच राहून स्ट्राइकआउट उतरले, तर सरासरी काहीही असो, माझे ४५ चे ५० होतील.