मान दुखत नाही, तरी मानेचं ऑपरेशन?

प्रश्न : माझं वय ५८. सांगलीजवळच्या गावात मी ब्लाउज शिवते. गेल्या दिवाळीपासून सुईत दोरा ओवता येईना, हूक लावताना बोटांतून निसटायला लागले. चष्म्याचा नंबर बदलला, फरक नाही. आता अंधारात चालताना झोक जातो आणि चप्पल पायातून कधी निघाली ते कळत नाही. एमआरआयमध्ये मानेत पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी जागा अरुंद होऊन मज्जारज्जू दबल्याचं आणि त्यात पांढरा डाग असल्याचं निघालं. सर्जन ऑपरेशन सांगतात. पण माझी मान फारशी दुखतच नाही. घरचे म्हणतात, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. आधी मालिश कर, पट्टा लाव. काय करू? पुन्हा मशीनवर बसता येईल ना?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, मान दुखत नाही म्हणजे आजार किरकोळ, असं अजिबात धरू नका. माझ्याकडे सगळ्यात उशिरा येणारे पेशंट हेच, ज्यांना दुखत नाही. मानेतून हाताकडे जाणारी एखादी शीर दबली तर खांद्यापासून बोटांपर्यंत अशी कळ मारते की माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर होतो. आणि ते दुखणं बहुतेकदा गोळ्या, व्यायाम आणि थोड्या धीरानं बसतं. तुमच्यात शीर नाही, मज्जारज्जूच दबलाय. तो दबला की फारसं न दुखता हातातलं काम जातं. आधी बारीक काम, मग तोल. चांगल्या मानेत त्याच्या नळीला साधारण १७ मिलिमीटर जागा असते. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात, हाडाला टोकं येतात, मागचा पडदा जाड होतो आणि ती जागा कमी होत जाते. १० मिलिमीटरच्या खाली गेली की मज्जारज्जूला हलायलाही वाव उरत नाही. तो पांढरा डाग म्हणजे दाबाचा मज्जारज्जूवर झालेला परिणाम.

घरी एक करून बघा. हात पुढे धरा, मूठ पूर्ण मिटा, बोटं पूर्ण उघडा, जमेल तितक्या वेगानं. मुलाला मोबाइलवर वेळ लावायला सांगा. १० सेकंदांत २० वेळा व्हायला हवं. करंगळी मागे राहते का, तेही बघा. आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि सर्जनना दाखवा.

त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : माझे १८ पैकी गुण किती? या आजाराची मूळ गुणपद्धत जपानी डॉक्टरांची. आपण वापरतो त्या सुधारित पद्धतीत चमच्यानं खाता येतं का, बटणं लागतात का, जिना कसा चढता, लघवीवर ताबा आहे का, यांवर गुण असतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, त्याखाली तीव्र. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, मध्यम आणि तीव्र आजारात ऑपरेशन करावं; सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, आणि वाढला तर ऑपरेशन. तपासल्याशिवाय तुमचे गुण मी सांगणार नाही. पण हातानंतर आता पायही बिघडलेत, म्हणजे आजार सरकतोय. माझा कौल ऑपरेशनच्या बाजूनं आहे.

मशीनचं विचारलंत. ऑपरेशनचा पहिला हेतू म्हणजे आजार आहे तिथं थांबवणं. बऱ्याच जणांच्या हातात पुढचे काही महिने सुधारणा होत राहते, पण मज्जारज्जूचं झालेलं नुकसान सगळं भरून निघेल असा शब्द कोणीही देऊ नये. जितकं लवकर, तितकं जास्त हाती लागतं. धोकेही ऐका. ऑपरेशन मानेच्या पुढून केलं तर काही दिवस गिळायला त्रास, आवाज बसणं. मागून केलं तर मान आखडणं. शंभरातल्या पाचेक जणांचा दंड खांद्यातून उचलेनासा होतो, तो बहुधा काही महिन्यांत परत येतो. हातपाय जाण्याचा धोका खरा आहे, पण कमी. घरच्यांनी ज्यांची उदाहरणं दिली, त्यातले किती जण ऑपरेशनच्या आधीच चालेनासे झाले होते, तेही एकदा विचारा.

मालिश मात्र नको. मान ओढणं, पिळणं, कटकन मोडणं, यातलं काहीही या मानेला करू देऊ नका. शीर्षासन, हलासन बंद. पट्ट्यानं आतली जागा मोठी होत नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पडण्याची : ओल्या न्हाणीत घसरून मान मागे झटकली तर एका क्षणात दोन्ही हात लुळे पडू शकतात. न्हाणीत धरायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, स्कूटरच्या मागे बसणं तूर्त टाळा.

ऑपरेशनआधी साखर आणि बी-१२ तपासून घ्या. बी-१२ कमी असलं तरी बधिरपणा येतो, तोल जातो. मिश्री लावत असाल तर आजच सोडा, तंबाखूनं ऑपरेशननंतर हाड जुळायला अडथळा येतो. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, एमआरआयची फिल्म सोबत न्या, पण त्यात महिने घालवू नका. आणि लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा पायातला जोर एकदम गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.