कॅसेटवरचे ‘अनचेन्ड मेलडी’

प्रश्न : ‘घोस्ट’ हा चित्रपट १९९० मध्ये आला, त्यानंतर मी राइचस ब्रदर्स या अमेरिकी गायकजोडीच्या ‘अनचेन्ड मेलडी’ या प्रेमगीताची कॅसेट घेतली होती आणि फीत विरेपर्यंत ती ऐकली. परवा हे गाणे मोबाइलवर लावले, तर ओळखीचे असूनही ते माझे वाटेना. गाणे बदलले की माझे कान?

उत्तर : आपले कान शाबूत आहेत. राइचस ब्रदर्सच्या नावावर या गाण्याची एक नव्हे, दोन प्रसिद्ध ध्वनिमुद्रणे आहेत. पहिले १९६५ चे, आणि चित्रपटात वाजते ते हेच. दुसरे १९९० मध्ये, चित्रपटामुळे मागणी वाढल्यावर, नव्याने केलेले. त्या वर्षी अमेरिकेत ही दोन्ही एकाच वेळी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत होती, त्यामुळे आपल्या कॅसेटवर नवे असणे आणि मोबाइलवर जुने लागणे सहज शक्य आहे.

नावात ‘ब्रदर्स’ असले, तरी ते दोघे सख्खे भाऊ नव्हते आणि हे गाणे एकट्या बॉबी हॅटफिल्ड यांनी गायिले आहे. १९६५ मध्ये ते पंचविशीच्या उंबरठ्यावर होते, १९९० मध्ये पन्नाशीचे. दोन्ही मुद्रणे शांत खोलीत एकापाठोपाठ ऐका आणि शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या. तोवर जपून, जवळजवळ कुजबुजत चाललेला तरुण आवाज तिथे एकाएकी वरच्या पट्टीत झेपावतो, आणि ‘मला तुझे प्रेम हवे आहे’ एवढी साधी मागणी आर्जव होऊन जाते. नंतरचा आवाज तिथे पोचतो खरा, पण सांभाळून पोचतो. मला स्वतःला जुने मुद्रण अधिक भावते, तरी ज्याने नवेच आधी ऐकले त्याला तेच खरे वाटावे, हेही मला मान्य आहे.

कॅसेटचाही यात थोडा वाटा असावा. फीत ताणली गेली किंवा यंत्राचा पट्टा सैल झाला, की गाणे किंचित संथ आणि खालच्या स्वरात वाजते, आणि शेकडो वेळा तसेच ऐकले की मनात तीच चाल पक्की होते. शिवाय किशोरवयात आणि ऐन तारुण्यात ऐकलेले संगीत पुढच्या आयुष्यात सर्वांत ठळक आठवते, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. हे गीत मुळात १९५५ च्या ‘अनचेन्ड’ या तुरुंगावरील चित्रपटासाठी हाय झॅरेट यांनी लिहिले आणि ॲलेक्स नॉर्थ यांनी स्वरबद्ध केले. शीर्षकातला ‘अनचेन्ड’ हा शब्द गीतात कुठेही नाही. समुद्राकडे वाहणाऱ्या नद्या आणि ‘माझी वाट पाहा’ ही विनवणी एका कैद्याच्या तोंडी कल्पून पाहा, म्हणजे त्या संथ चालीत एकेक दिवस मोजणारा माणूस ऐकू येईल. आपली जुनी कॅसेट मात्र टाकून देऊ नका, कारण आपण ऐकलेले गाणे नेमके तसे फक्त तिच्यावरच आहे.