इलेक्ट्रोप्लेटिंगचं (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) सांडपाणी मुरलेल्या जमिनीत जिवाणू खतं सोडली तर जड धातू निघून जातील का?

नाही जाणार. नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी घेता आणि दुकानदार म्हणतो 'जिवाणू सोडा, जमीन शुद्ध होईल', असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी हेच सांगतो. मी स्वतः जैविक खतांच्या प्रयोगशाळेत काम करतो, तरीही.

शेतात डिझेल सांडलं तर जिवाणू ते हळूहळू खाऊन संपवतात. निकेल, कॅडमियम ही मूलद्रव्यं, त्यांचं विघटन होतच नाही. जिवाणू त्यांना आपल्या पेशींवर अडकवतात किंवा त्यांचं रूप बदलतात. उदाहरणार्थ, क्रोमियमच्या विषारी रूपाचं (सहा-संयुजी) दुसरं रूप (तीन-संयुजी) होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. पण राहतं जमिनीतच.

फायदा होतो तो झाडाला. धातूचा ताण आला की रोप इथिलीन हे वायुरूप संप्रेरक जास्त तयार करतं आणि मुळं खुंटतात. काही जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते इथिलीनचा कच्चा मालच तोडून टाकतं. कॅनडातल्या संशोधकांनी 1998 मध्ये असा एक जिवाणू कॅनोला या तेलबियांच्या पिकाच्या रोपांना दिला. निकेल असूनही रोपं जोमाने वाढली, मात्र त्यांनी शोषलेलं निकेल काही कमी झालं नाही. हेच तुमच्या पालकात झालं तर? पान हिरवंगार, जुडीला भाव चांगला, आणि धातू जेवणाऱ्याच्या ताटात. पालेभाज्या कॅडमियम ओढून घेण्यात तशाही पुढे असतात.

पीएसबीचं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचंही तसंच. स्फुरद मोकळं करायला ते जिवाणू आम्लं सोडतात, त्याच आम्लांनी बांधलेला धातूही सुटू शकतो.

मग हे तंत्र कुठे वापरावं? जिथलं काही खायचं नाही तिथे. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), अझोटोबॅक्टर व रायझोबियम हे नत्र देणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांवरची उपयोगी बुरशी वापरून झाडं जगवली. धातू काढणं हा हेतूच नव्हता. झाडोरा आला की माती धरून राहते, धूळ उडत नाही.

तुम्ही आधी नाल्याचं पाणी बंद करा, नाहीतर बाकी सगळं फुकट. भरपूर कुजलेलं शेणखत द्या, क्रोमियमसाठी ते खरंच उपयोगी आहे. माती तपासणीचा अहवाल येईपर्यंत पालेभाजीऐवजी झेंडू किंवा निशिगंध घ्या. मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं असतं. कॅडमियम, निकेल, क्रोमियम, शिसं नसतं. ते प्रयोगशाळेत वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं, आणि मातीबरोबर पानांचाही नमुना द्या. नमुना घ्यायला स्टीलचं खुरपं, जस्ताची बादली नको, त्यांचाच धातू मातीला लागतो. लाकडी पट्टी आणि प्लॅस्टिकचं घमेलं घ्या.