‘क्यूब’, ‘ब्लॅक ख्रिसमस’ आणि मंडळींना मिळणारी दाद कितपत रास्त आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मित्रांनी डोक्यावर घेतलेला ‘क्यूब’ आपण पाहिला, अभिनय नाटकी वाटला, शेवटही अर्धवट वाटला, मग कॅनडाच्या भयपटांना आणि विज्ञानपटांना प्रेक्षक जी दाद देतात, ती त्या चित्रपटांच्या गुणांना असते की ‘एवढ्याशा पैशांत केले’ याचे ते कौतुक असते? मी गेली बारा वर्षे टोरांटोजवळ राहतो आणि हे चित्रपट बऱ्यापैकी नेटाने पाहत आलो आहे. माझ्या मते काहींची दाद पुरेपूर कमावलेली आहे, काहींची निम्मी, आणि एकदोन ठिकाणी आपली शंका अगदी बरोबर आहे.

‘क्यूब’ निम्म्यांत मोडतो. विन्चेंझो नताली यांनी १९९७ साली कॅनेडियन फिल्म सेंटरच्या योजनेतून तो केला तेव्हा रोख खर्च सुमारे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर होता, आणि संगणकी दृश्यांचे काम टोरांटोतल्या एका कंपनीने फुकट करून दिले होते. काही अनोळखी माणसे ज्यात कोंडलेली आहेत आणि ज्याच्या काही खोल्यांत जीवघेणे सापळे आहेत, असा हजारो खोल्यांचा म्हणून जो चक्रव्यूह आपल्याला दिसतो, तो प्रत्यक्षात चौदा फुटी एकच खोली आहे. भिंतींच्या पारदर्शक तावांमागचे रंग बदलले की ‘पुढची खोली’ तयार. हे रंग बदलायला फार वेळ लागे, त्यामुळे चित्रीकरण कथेच्या क्रमाने न होता रंगाच्या क्रमाने झाले. आपल्याला जो अभिनय नाटकी वाटला, त्याचे एक कारण मला यात दिसते. लाल खोलीतला संताप आणि त्याच्या कितीतरी नंतरचा लाल खोलीतलाच थकवा पाठोपाठ वठवायचा असेल, तर नट आवाज चढवून वेळ मारून नेणारच.

गणिताचे मात्र समर्थन करता येत नाही. चित्रपटात खोलीच्या दारावरच्या तीन आकड्यांपैकी एखादा एकाच मूळ संख्येचा घात असेल तर ती खोली सापळ्याची असते, पण गणिताची हुशार विद्यार्थिनी ५६७, ८९८ आणि ५४५ हे तीन आकडे पाहून हात टेकते; यांचे अवयव पाडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे तिचे म्हणणे. आपल्याकडे पाढे पाठ असलेला सातवीतला मुलगा सांगेल की ५६७ च्या अंकांची बेरीज अठरा येते म्हणजे त्याला नऊने भाग जातो, आणि सातानेही जातो, ८९८ सम आहे पण त्याचे अर्धे विषम आहे, आणि ५४५ च्या शेवटी पाच असले तरी त्याला पंचविसाने भाग जात नाही. एवढ्यावरून यांपैकी एकही आकडा एकाच मूळ संख्येचा घात नाही हे ठरते, आणि तिला तेवढेच हवे असते. कथेचा सगळा उत्तरार्ध या खोट्या अडचणीवर उभा आहे, आणि चाहते तिच्याकडे सर्रास काणाडोळा करतात.

तरीही मी त्याला निम्मी दाद देतो, ती वर्थ या पात्राच्या कबुलीसाठी. या यंत्राचे बाहेरचे कवच आपण आखले, कशासाठी ते विचारले नाही, काम देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. मागे कोणी खलनायक नाही, कट नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकत गेली आणि शेवटी माणसे कापणारी वास्तू उभी राहिली. सरकारी कचेरीत ज्याने दोन दिवस घालवले आहेत, त्याला ही कल्पना सापळ्यांच्या पात्यांपेक्षा जास्त बोचेल. आपल्याला अर्धवट वाटलेला शेवट याच कल्पनेतून येतो, कारण बाहेर कोण आहे हे दाखवले असते तर ती कबुली खोटी ठरली असती. पिकते तिथे विकत नाही या न्यायाने चित्रपटाचे खरे चीज झाले ते जपान आणि फ्रान्समध्ये. जपानने तर २०२१ मध्ये त्याची स्वतःची आवृत्तीही काढली.

इथले चाहते टीका ऐकून एवढे का बिथरतात, हे समजायला थोडे मागे जावे लागते. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा ‘शिव्हर्स’ १९७५ मध्ये आला. त्यात सरकारी चित्रपट महामंडळाचे पैसे होते आणि विषय होता मॉन्ट्रियलच्या एका उंची इमारतीत पसरणारा कामवासनेचा परजीवी. रॉबर्ट फुलफर्ड या नामवंत समीक्षकाने ‘सॅटर्डे नाइट’ मासिकात टोपणनावाने त्यावर झोड उठवली. लेखाच्या मथळ्याचा आशय असा की हा चित्रपट किती वाईट आहे ते तुम्हाला कळलेच पाहिजे, कारण पैसे तुमचे गेले आहेत. प्रकरण संसदेपर्यंत पोचले. पुढे याच क्रोनेनबर्गना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा देशाचा मोठा नागरी सन्मान मिळाला, ही गोष्ट वेगळी. पण जो चित्रपट शिष्ट लोकांनी उंबऱ्याबाहेर ठेवला, तो आपणच जपायचा, ही प्रेक्षकांची वृत्ती तेव्हापासून मुरली, आणि अशा जपलेल्या वस्तूचे दोष कोणाला दिसत नाहीत.

त्याच सुमारास करसवलतीचा काळ सुरू झाला. चित्रपटात गुंतवलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून शंभर टक्के वजा करता येऊ लागल्यावर डॉक्टर, दंतवैद्य, वकील निर्माते झाले आणि डिसेंबर संपायच्या आत पैसे खर्ची घालण्यासाठी घाईघाईत चित्रीकरणे सुरू होऊ लागली. ‘स्कॅनर्स’ (१९८१) या घाईचेच अपत्य आहे. पटकथा पुरी न होताच काम सुरू झाले आणि क्रोनेनबर्ग सकाळी प्रसंग लिहून दिवसा ते चित्रित करत. त्यातले फुटणारे डोके जगभर प्रसिद्ध आहे. ते नकली डोके मागून बंदूक झाडून उडवले होते, आणि तो क्षण आजही अंगावर येतो. परंतु तो चित्रपटाच्या सुरुवातीलाच येऊन जातो, आणि नंतरचा सुमारे दीड तास मला तरी कार्यालयांतून आणि गोदामांतून केलेली पायपीट वाटली. या चित्रपटाची कीर्ती एका डोक्यावर उभी आहे, असे मी म्हणेन. त्याच दिग्दर्शकाचा ‘व्हिडिओड्रोम’ (१९८३) तिकीटबारीवर आपटला आणि प्रेक्षक हळूहळू त्याच्याकडे वळले. तिथली दाद उशिराची असली तरी योग्य जागी पडली.

आता आजच्या दादेविषयी. मॉन्ट्रियलच्या फँटाझिया महोत्सवात मी एका उन्हाळ्यात गेलो होतो. दिवे मालवले की तिथे सभागृहभर लोक मांजरासारखे म्याव म्याव करू लागतात. ही तिथली जुनी रीत आहे, आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच. मीही अर्ध्या मिनिटात म्याव करू लागलो होतो. त्यानंतर पाहिलेला चित्रपट मला अत्यंत आवडला आणि घरी परत पाहिल्यावर सामान्य निघाला. सांगायचे एवढेच की या चित्रपटांची पहिली दाद बहुधा अशा सभागृहात तयार होते, जिथे प्रत्येकजण आवडून घ्यायच्या तयारीनेच आलेला असतो. चित्रपट घरच्या पडद्यावर येईपर्यंत ती दाद त्याला चिकटलेली असते, मांजरे मात्र तिथे नसतात.

आपली शंका मला सर्वांत पटते ती ‘स्किनामरिंक’च्या बाबतीत. काइल एडवर्ड बॉल यांनी एडमंटनमधल्या आपल्या लहानपणच्या घरात पंधरा हजार डॉलरांत तो केला. एका महोत्सवातून तो इंटरनेटवर फुटला, टिकटॉकवर त्याची हवा झाली आणि २०२३ च्या जानेवारीत चित्रपटगृहांतून त्याने वीस लाख डॉलरांच्या आसपास कमाई केली. दोन लहान मुले, रात्र, नाहीशी झालेली दारे-खिडक्या आणि टीव्हीचा निळसर उजेड. पहिली वीस मिनिटे मला खरोखर लहानपणी रात्री पाणी प्यायला उठल्यासारखे वाटले. पण चित्रपट शंभर मिनिटांचा आहे, आणि याच दिग्दर्शकाने याच कल्पनेवर आधी अर्ध्या तासाच्या आतला लघुपट केला होता. कल्पनेचे माप तेवढेच होते. इथे पंधरा हजार डॉलरांची गोष्ट चित्रपटापेक्षा मोठी झाली.

याच्या उलट ‘जिंजर स्नॅप्स’ (२०००) पाहा. करेन वॉल्टन यांनी लिहिलेल्या आणि जॉन फॉसेट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मोठी बहीण पहिल्या पाळीच्या रात्रीच लांडग्याच्या चाव्याला बळी पडते, आणि पुढे जे केस, रक्त, राग, वासना उगवतात ते वयात येण्याचे की लांडगा होण्याचे हे घरात कोणालाच कळत नाही. शाळेतली परिचारिका तर सगळी लक्षणे हसतमुखाने ‘अगदी नैसर्गिक’ ठरवून मोकळी होते. ज्या भाषेत या गोष्टीला ‘कावळा शिवला’ म्हणत आले, त्या भाषेच्या वाचकाला हा विनोद समजावून सांगायला नको. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या आणि अल्बर्टातल्या शाळांमध्ये झालेल्या गोळीबारांनंतर टोरांटोच्या कित्येक पात्रनिवड करणाऱ्यांनी या पटकथेला हात लावायचे नाकारले होते. चित्रपटगृहात त्याला फारसे प्रेक्षक मिळाले नाहीत. व्हिडिओच्या दुकानांतून, एका मैत्रिणीने दुसरीला सांगत तो पसरला. शेवटचा लांडगा रबरी दिसतो, हे खरे. दोन बहिणींमधला प्रत्येक प्रसंग मात्र खणखणीत आहे, आणि मी राहतो त्या उपनगरातल्या एकसारख्या घरांच्या रांगा इतक्या नेमक्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मला दिसलेल्या नाहीत.

‘पाँटिपूल’ (२००८) मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे, म्हणून त्याच्याविषयी हात राखून लिहितो. ब्रूस मॅक्डॉनल्ड यांचा हा चित्रपट ऑन्टारिओतल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरातल्या रेडिओ केंद्रात घडतो. बाहेर लोक एकमेकांना फाडून खात आहेत, आणि आत निवेदकाला ते फक्त दूरध्वनीवरून ऐकू येते. रोग पसरतो इंग्रजी शब्दांतून, विशेषतः लाडाच्या शब्दांतून. मध्येच प्रक्षेपण तोडून एक फ्रेंच सूचना येते. केंद्रातली मुलगी तिचे भाषांतर करून निवेदकाच्या हाती देते, तो ते भाषांतर इंग्रजीत प्रक्षेपित करतो, आणि शेवटचे वाक्य निघते की या सूचनेचे भाषांतर करू नये. फ्रेंच आणि इंग्रजी यांच्या धुसफुशीत जन्मलेल्या देशालाच हे सुचू शकते. दिवसभर इंग्रजीत बोलून संध्याकाळी आईशी मराठीत बोलताना मी अडखळतो, तेव्हा मला तो मोडक्या फ्रेंचमध्ये जीव वाचवू पाहणारा निवेदक आठवतो. दोष एकच, पण मोठा: डॉक्टर खिडकीतून आत येऊन सगळे समजावून सांगू लागतात आणि तळघरातली हवाच निघून जाते.

आणि ज्याला मी पुरेपूर गुण देतो तो ‘ब्लॅक ख्रिसमस’, १९७४ चा. दिग्दर्शक बॉब क्लार्क अमेरिकेत जन्मलेले, चित्रीकरण टोरांटोचे. सुट्टीसाठी रिकामे होत चाललेले मुलींचे वसतिगृह, येणारे घाणेरडे फोन, आणि माळ्यावर कोणीतरी. कॅमेरा चालकाच्या खांद्यावर बांधून त्यालाच घराच्या भिंतीवर चढवले होते, त्यामुळे सुरुवातीलाच आपण खुन्याच्या डोळ्यांनी आत शिरतो. ही युक्ती अमेरिकेत ‘हॅलोवीन’ या भयपटाने गाजवली त्याला तेव्हा चार वर्षे अवकाश होता. फोनवरचे आवाज अनेक माणसांचे एकत्र केलेले आहेत, आणि संगीतकार कार्ल झिटरर यांनी पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या बांधून सूर बिघडवले. माझा आवडता प्रसंग मात्र दूरध्वनी केंद्रातला आहे. फोन कुठून येतो ते शोधायला एक कर्मचारी खडखडणाऱ्या यंत्रांच्या उंच रांगांमधून अक्षरशः धावत राहतो, आणि तो योग्य रांगेशी पोचेपर्यंत त्या मुलीने त्या घाणेरड्या आवाजाला बोलते ठेवायचे असते. ट्रंक कॉल लावून तास तास ताटकळलेल्या आमच्या पिढीला तो ताण जास्तच कळतो. खुन्याचा चेहरा कधीच दिसत नाही, आणि पैसे कमी होते हे एकदाही जाणवत नाही.

आपण पुढे एखादा पाहणार असाल तर हा पाहा, आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. फोन तेव्हाही वाजत असतो.