जहाज किनाऱ्यावरून हाकू नये

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बरोबरीची मुलं ताफ्यावर गेली आणि तुला मात्र मुंबईच्या नौदल मुख्यालयात, मोहिमा आखायच्या ऑप्स रूममध्ये बसवलं, याचं तुला वाईट वाटतंय. ‘युद्ध झालंच तर मी लायन गेटच्या आत बसून नकाशावर रेघा मारणार का?’ असं विचारलंयस. हो, रेघाच मारणार आहेस. त्या चुकल्या तर तुझ्या त्याच मित्रांच्या जिवावर बेतेल, म्हणून हे लांबलचक उत्तर.

१९७१ चं उदाहरण घे. नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा दिल्लीत, पश्चिम कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कोहली मुंबईत आणि ताफ्याचे रिअर अॅडमिरल कुरुविल्ला समुद्रावर. तीन माणसं, तीन वेगळी कामं. दिल्लीने सांगायचं, काय साधायचं. मुंबईने ठरवायचं, कुठे, कधी, कोणत्या जहाजांनी, आणि त्यांना तेल, दारूगोळा, बातमी कशी पोचेल. लढायचं कसं, ते फक्त समुद्रावरच्याने ठरवायचं. जहाज किनाऱ्यावरून हाकू नये. एवढं एक वाक्य तू पाठ केलंस तरी मला पुरे.

कराचीवरच्या हल्ल्याच्या, म्हणजे ट्रायडंट मोहिमेत कमांडचं काम कुठे संपलं ते बघ. मिसाईल बोटी मुळात बंदराच्या राखणीसाठी बनलेल्या. मारा जबर, पण पोटात तेल कमी. कराचीपर्यंत जाऊन परत यायचं तर टँकर बरोबर हवा, म्हणून पोषक. लांबचं बघायला आणि पाणबुडीपासून जपायला मोठी जहाजं हवीत, म्हणून किल्तान आणि कच्छल. पाकिस्तानी विमानं दिवसा गाठतील, म्हणून दिवसभर लांब थांबून ४ डिसेंबरच्या रात्री हल्ला. हे सगळं आधी, टेबलावर झालं. निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटी कराचीकडे वळल्यावर रडारवरच्या कोणत्या ठिपक्यावर क्षेपणास्त्र सोडायचं, ते कमांडर बब्रुभान यादवांनी ठरवलं. पाकिस्तानी विनाशिका खैबर बुडाली तेव्हा मुंबईतून कोणी ‘आता सोडा’ म्हणत नव्हतं.

आता तुझ्या टेबलाकडे येतो. युद्धात समुद्रावरचं जहाज ऐकतं, बोलत नाही. मुख्यालयाचं ब्रॉडकास्ट ते उतरवून घेतं आणि पोच देत नाही. पोच द्यायची तर रेडिओ वाजणार. तो वाजला की शत्रूच्या दोन केंद्रांना दोन दिशा मिळतात, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपलं जहाज असतं. रात्री दोन वाजता कोणी वरिष्ठ म्हणाला, ‘अमुक जहाज कुठे पोचलं, विचारा’, तर त्या एका प्रश्नाने तू ते जहाज शत्रूच्या हाती देशील. विचारू नकोस, मोज. शेवटचं खात्रीचं ठिकाण घे, दिलेली दिशा आणि वेग धर आणि दर तासाला ठिपका पुढे सरकव. पंधरा नॉट वेगाने सहा तास म्हणजे नव्वद सागरी मैल. वेगाची खात्री नसेल तर जास्तीत जास्त वेग धरून वर्तुळ काढ आणि ते दर तासाला मोठं कर. वर्तुळ फार मोठं झालं म्हणून घाबरून सिग्नल पाठवायचा नाही. मोठ्या वर्तुळासह जगायला शिकणं हीच तुझी नोकरी आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन अॅडमिरल डोनिट्झने आपल्या पाणबुड्या किनाऱ्यावरून रेडिओवर हाकल्या आणि त्यांच्याच उत्तरांवरून दोस्तांच्या जहाजांनी त्या हुडकल्या. १९७१ मध्ये पाकिस्तानी पाणबुडी हँगोर दीवच्या नैर्ऋत्येला आहे, हा सुगावा आपल्यालाही तिच्या रेडिओवरूनच लागला.

पण तिथे पुढे काय झालं, तेही नीट वाच. तिच्या मागावर खुकरी आणि किरपाण गेल्या. डॅफ्ने जातीच्या त्या पाणबुडीला आपली जहाजं जितक्या लांबून ऐकू येत होती, तितक्या लांबून आपल्या सोनारला, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं हुडकणाऱ्या यंत्राला, ती सापडत नव्हती. ९ डिसेंबरच्या रात्री खुकरी बुडाली. कॅप्टन मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. किनाऱ्याने हाकू नये म्हणजे किनाऱ्याने हात झटकावेत, असं नाही. कोणाला पाठवायचं, त्याचा सोनार किती, वेग किती, वरून हेलिकॉप्टरची साथ किती, हा हिशेब किनाऱ्याचाच. तो जहाज सुटण्याआधी करायचा असतो. मागाहून सूचनांचा पाऊस पाडून तो भरून निघत नाही.

आपल्या पाणबुड्यांचं पाणी हा तर सगळ्यात नाजूक विषय. नकाशावर समुद्राचे तुकडे, म्हणजे पेट्या, पाडून, वेळ घालून त्या पाणबुडीला दिल्या जातात. त्या पेटीत आपल्या कोणत्याही जहाजाने पाण्याखाली मारा करायचा नाही. घोळ होतो तो पेटी बदलताना. तू रात्री दहाला बदल पाठवलास, पण पाणबुडी ठरलेल्या वेळीच अँटेना वर काढते. तिची पुढची वेळ सकाळी दहाची असेल तर बारा तास तिच्या लेखी जुनीच हद्द आहे. इकडे जहाजांनी नवी हद्द लगेच लागू केली, की आपलेच टॉर्पेडो आपल्यावर. म्हणून नवी हद्द तिच्या वाचायच्या वेळेनंतरच लागू करायची, मधल्या काळात दोन्ही पेट्यांत मारा बंद. कितीही घाई असो.

बाकी कामं तुला दिसतीलच. उभ्या नळ्यांतली क्षेपणास्त्रं एकदा सोडली की समुद्रावर पुन्हा भरता येत नाहीत, जहाजाला बंदरात यावं लागतं. म्हणून किती जहाजं आहेत ते मोजू नकोस, परवा भरलेली किती असतील ते मोज. मुंबईतून बाहेर पडायची खोदलेली वाट एकच, व्यापारी जहाजांचीही तीच. तिथे चार सुरुंग पडले की ताफा आत अडकतो. १९७१ मध्ये आपला ताफा २ डिसेंबरलाच बाहेर पडला. हँगोर तेव्हा मुंबईबाहेरच होती, पण युद्ध सुरू झालं नव्हतं म्हणून तिने हल्ला केला नाही. मुंबई हायचे तेलफलाट जागचे हलवता येत नाहीत, त्यांच्या राखणीला जहाजं कापून द्यावी लागतात. ससून डॉक, भाऊचा धक्का इथल्या बोटींना कोणत्या पट्ट्यात जायचं नाही हे वेळेत कळलं नाही, तर माऱ्याच्या रेषेत आपलेच कोळी बांधव सापडतात.

मला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणतात, आता उपग्रह आहेत, पडद्यावर सगळं थेट दिसतं, जुनी शिस्त कशाला? मला हे अजिबात पटत नाही. चित्र जितकं स्वच्छ, तितके किनाऱ्यावरच्या माणसाचे हात शिवशिवतात. जुलै १९४२ मध्ये लंडनमध्ये बसलेल्या अॅडमिरल पाउंडनी पीक्यू-१७ या दोस्तांच्या मालवाहू जहाजांच्या काफिल्याला पांगायचा हुकूम दिला, कारण जर्मन युद्धनौका तिरपिट्झ येतेय असा त्यांचा अंदाज होता. तिरपिट्झ तेव्हा नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीत, उभी होती. पांगलेली जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी एकेक करून टिपली, सुमारे दोन तृतीयांश बुडाली. पाउंड मूर्ख नव्हते, बातमीही त्यांच्याकडेच जास्त होती. म्हणूनच त्यांना मोह झाला. बातमी जास्त असेल तर ती पुढे पाठव. निर्णय पाठवू नकोस. ‘तिरपिट्झ बाहेर पडल्याची खूण मिळालेली नाही’ एवढं समुद्रावर कळलं असतं, तर पुढचं तिथल्या माणसांनी बघितलं असतं.

सोमवारी वॉचवर गेलीस की आधी पाणबुडीच्या पेट्यांची यादी माग आणि शेवटचा बदल कोणत्या वेळेत लिहिलाय ते बघ. सिग्नल ग्रिनिच वेळेत असतात, भिंतीवरचं घड्याळ आपल्या. साडेपाच तासांची गफलत झाली तर पंधरा नॉटच्या जहाजाचा ठिपका साडेब्याऐंशी सागरी मैल भलतीकडे जातो. वॉच हाती घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोन्ही वेळा मोठ्याने वाचायच्या, मग सही. समोरचा कंटाळला तरी वाचायला लाव.

तुझा,
काका